एकोणनव्वदवर लावलेली अठरा गाणी

आमच्या घरी गाणी लागली की एक माणूस बटनापाशी उभा ठेवावा लागे. प्लेअर लोखंडी कपाटाशेजारच्या फळीवर होता. आवाजाच्या गोल बटनाभोवती शून्य ते दहा आकडे छापलेले होते, आणि घरातले बरेचसे तंटे त्या आकड्यांवरून होत. एक गाणं चारवर नीट ऐकू येई, पुढचं सुरू झालं की तेच चार म्हणजे कुजबुज. बटन सातवर नेलं की तिसरं गाणं अंगावर ओरडत येई. मग आई लाटण्यासकट स्वयंपाकघरातून बाहेर. "अरे, कोनाचं लग्न लागून राहिलं काय घरात? कमी कर नं!" माझी धाकटी बहीण रश्मी बटन तीनवर आणी. "इतकं कमी करता तं लावता काहून?" असं बाबा पेपरामागून विचारत, आणि उठून पुन्हा सहावर नेत. मी एकदा एका रविवारी सकाळी मोजलं होतं. पन्नास मिनिटांत बटन एकतीस वेळा फिरलं.

घर इतवारीत, भांड्यांच्या गल्लीत. खाली दुकान, वर आम्ही. गल्लीचा आवाज सकाळी आठला सुरू होई तो दिवेलागणीपर्यंत थांबत नसे. समोर पाणी भरायचे पितळी गुंड ठोकून पोचे काढणारे दोन भाऊ बसत, त्यांच्या हातोड्या एकाआड एक पडत. हातगाडीवर स्टीलचे डबे चढत-उतरत, टेम्पोवाले हॉर्नवर हात ठेवून वाट काढत. बाहेरून आलेल्या पाहुण्याचं पहिल्याच दिवशी डोकं धरे. आम्हाला रविवारी दुकानं बंद असली की उलट चुकल्यासारखं वाटे. या गल्लीत बाबांचं नाव होतं ते त्यांच्या कानामुळे. काशाचं ताट मधोमध पाच बोटांच्या टोकांवर तोलून धरायचं, दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेरानं काठावर एक टिचकी मारायची, आणि मान थोडी कलती करून ऐकायचं. अस्सल कासं असेल तर नाद लांबत जातो. पितळेची भेसळ असेल तर तो लवकर विझतो. आणि काठाला केसाएवढी चीर असेल तर त्या नादाच्या शेपटीत एक बारीक चरचर येते. अशा ताटात कढत वरण पडलं की चीर वाढत जाते आणि वर्षा-दोन वर्षांत ताट तडकतं. डोळ्यांना ती चीर दिसत नाही. शेजारचे दुकानदारसुद्धा नवा माल आला की एखादं शंकेचं ताट घेऊन आमच्याकडे येत. "भाऊ, जरा वाजवून द्या नं." बाबा वाजवत आणि ताट परत देताना एकच शब्द म्हणत, "चालते" किंवा "नाई".

मी तेव्हा कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला होतो. घरात सुटे भाग आणून जोडलेला कॉम्प्युटर नुकताच आला होता आणि त्यात सीडी लिहिणारा ड्राइव्ह मी हट्टानं बसवून घेतला होता. सीताबर्डीहून कोऱ्या सीडी आणायच्या आणि घरच्यांच्या आवडीची गाणी एकत्र करून त्यांवर उतरवायची, हा माझा उद्योग. सुरुवातीच्या कितीतरी सीडी अर्ध्यात बिघडत. लिहिताना कोणी शेजारच्या खोलीत मिक्सर लावला तरी मला संशय येई. बिघडलेल्या सीडी आईनं दोऱ्यात ओवून गॅलरीत टांगल्या होत्या, कबुतरं येऊ नयेत म्हणून. कबुतरं पहिले दोन दिवस आली नाहीत.

गाणी वेगवेगळ्या ठिकाणची. काही बाबांच्या कॅसेटवरून वायर जोडून घेतलेली, काही विकत आणलेल्या सीडीवरची, काही मित्रांकडून आलेल्या फायली. प्रत्येकाचा आवाज कोणी, कुठं, किती ठेवून भरला याला काही धरबंद नव्हता. ते बटनावरचं भांडण कायमचं मिटवायचं असेल तर सीडी लिहिण्याआधीच सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणायला हवा, हे माझ्या लक्षात आलं. माझ्याकडच्या प्रोग्राममध्ये तशी सोय होती. तो गाण्यातलं सगळ्यात मोठ्या आवाजाचं टोक शोधायचा आणि सगळ्या गाण्यांची टोकं एका रेषेत आणून ठेवायचा. मी मोठ्या विश्वासानं अठरा गाणी त्यातून काढली आणि सीडी लावली, तर फरक तसाच. कॅसेटवरच्या एका गाण्यात सुरुवातीलाच एक खाट् असा आवाज होता, बहुधा कॅसेट भरताना कोणी बटन दाबल्याचा. प्रोग्रामनं ते खाट् हेच टोक धरलं आणि बाकीचं सगळं गाणं बिचारं खाली राहिलं. वर्गातल्या एका उंच मुलावरून सगळ्या वर्गाची उंची ठरवावी, तसा तो हिशेब होता.

मग दुसरा प्रोग्राम मिळवला. तो टोकाकडे बघत नसे. सगळं गाणं मिळून कानाला साधारण किती मोठं लागतं, ते बघे आणि त्याला एक आकडा देई. कोणतं गाणं ब्याऐंशी, कोणतं सत्त्याण्णव. सगळी पंच्याण्णववर नेली तर मोठ्या जागी आवाज फाटू लागला, म्हणून मी एक-एक पायरी खाली येत शेवटी एकोणनव्वदवर थांबलो. एका वहीत तक्ता आखला: गाण्याचा क्रमांक, आधीचा आकडा, किती वाढवलं किंवा कमी केलं, नंतरचा आकडा. शेवटच्या रकान्यात अठरा वेळा ८९. तो रकाना पाहून मला जे समाधान वाटलं, ते आजही आठवतं. आता माझी मुलगी फोनवर गाणी ऐकते, तिथं हे सगळं आपोआप होतं. तिला हे सांगितलं तर ती म्हणते, "म्हणजे तुम्ही हातानं करायचात?" जणू मी विहिरीवरून पाणी आणल्याचं सांगतो आहे.

त्या रविवारी आईनं गोळाभात केला होता. गरम भातावर डाळीचे मुरलेले गोळे कुस्करायचे आणि वरून मोहरी-हिंगाची कढत फोडणी ओतायची. ती ओतताना होणारा चर्र आवाज आणि सीडीचं पहिलं गाणं एकदमच सुरू झालं. उन्हाळा होता, खिडकीतला कूलर घरघरत होता. मी बटन पाचवर ठेवलं आणि सगळ्यांना सांगून टाकलं, "आता याले कोणी हात लावायचा नाई."

"काहून? करंट लागते काय?" रश्मीनं विचारलं.

पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. कोणी उठलं नाही. आई भाताचा घास हातात धरून माझ्याकडे बघत म्हणाली, "पाह्य वं रश्मी, तुझ्या भावानं केलं नं बरोबर." मी ताटात बघत जेवत राहिलो, पण कान गरम झाले होते. तिसरं गाणं लागलं, आणि बाबा उष्टा हात वर धरून उठले व डाव्या हातानं त्यांनी बटन सातवर नेलं.

"बाबा! सगळी सारखी आहेत!"

"हे कमी हाय."

"एकोणनव्वदच आहे."

"तुझ्या वहीत असंल," बाबा म्हणाले. "मले कमी येऊन राहिलं."

मी चुकलो असेन असंच मला वाटलं. संध्याकाळी तिसरं गाणं पुन्हा मोजलं. एकोणनव्वद. तरी नवी सीडी लिहिली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच, आणि या वेळी बाबा तिसऱ्याच नव्हे, सातव्या आणि आठव्या गाण्यालाही उठले. मी कूलरला दोष दिला. कूलर बंद करून लावलं, सगळे घामानं निथळले, आई म्हणाली, "गाण्यापायी आमाले उकडून मारतं काय गा?" आणि बाबा तरीही उठले. मग मी वहीत नवा तक्ता आखला: गाणं, बटन कोणी फिरवलं, कितीवरून कितीवर. तीन बैठका झाल्या. आईनं एकदाही नाही, रश्मीनं एकदाही नाही. बाबांनी तिन्ही वेळा तीच सहा गाणी: तीन, सात, आठ, अकरा, चौदा, सोळा.

"गाण्यांची परीक्षा घेऊन राहिला," रश्मी आईला म्हणाली. "सहा पोरं नापास झाले."

ही सहाच का, ते मला समजेना. काही जुनी होती, काही नवी. काही कॅसेटवरची, काही सीडीवरची. भारदस्त पुरुषी आवाजाच्या, ढोलकीच्या एकाही गाण्याला बाबा उठले नव्हते, एवढंच दिसत होतं. सोळावं गाणं नुसत्या घुंगरांनी सुरू होतं. पहिली अकरा सेकंदं घुंगरांशिवाय काहीच नाही. तिसऱ्या बैठकीत ते लागलं तेव्हा रश्मी खाटेवर बसून त्या घुंगरांवर पाय हलवत होती, आई तांदूळ निवडता निवडता मान डोलवत होती, आणि बाबा प्लेअरकडे बघत म्हणाले, "अटकली काय तुझी सीडी? पुढचं गाणं सुरू काहून होत नाई?"

रश्मीचा पाय थांबला. मी म्हणालो, "होते आता." गाणं सुरू झालं, बाबा उठले, सातवर नेलं, बसले. मी वही मिटली. आधी सगळी गाणी वरखाली होती तोवर सगळेच बटन फिरवत होते, त्यामुळे कोण कशासाठी फिरवतं हे कळण्याची सोय नव्हती. मी सगळी गाणी सारखी केली आणि फिरवणारा हात एकच उरला. बारीक, उंच आवाज बाबांपर्यंत पोचत नव्हते. ते घुंगरू काशाच्या नादाच्या शेपटीपेक्षा काही फार वेगळे नव्हते. गल्ली ज्या कानाच्या भरवशावर माल घेत होती, तो कान गेला होता, आणि ते बाबांना ठाऊक आहे की नाही, हे मला कळत नव्हतं.

मी तीन आठवडे गप्प राहिलो. सांगायचं कसं, हे सुचलं नाही.

शनिवारी मी दुकानात बसत असे, भांड्यांवर नावं घालायला. विजेवर चालणारं पेनासारखं यंत्र असतं, त्यानं भांड्यावर टिंबाटिंबांनी अक्षरं उमटवायची. अशा एका शनिवारी काटोलकडच्या सुमनकाकू आल्या. त्यांचं शेत संत्र्याचं, घर जुन्या गिऱ्हाइकांपैकी. धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि जावयासाठी काशाचं ताट हवं होतं. त्या आल्या आणि बाकावर बसत म्हणाल्या, "भाऊ, मोठीच्या वक्ताचं ताट अजून घंटीसारखं वाजते. तसंच पाह्यजे. मले त्यातलं काई समजत नाई, तुमी वाजवा आन् तुमी द्या."

बाबांनी तीन ताटं काढली. पहिलं वाजवलं, बाजूला ठेवलं. दुसरं वाजवलं. मी सहा फुटांवर होतो. नाद निघाला, लांबला, आणि त्याच्या शेवटी ती चरचर आली, कागदावर पीन ओढावी तशी. बाबा मान कलती करून ऐकत होते. चेहऱ्यावर तीच शांती. "ऐका," ते काकूंना म्हणाले. "कसं गाते." त्यांनी ते काट्यावर ठेवलं आणि वजन चिठ्ठीवर लिहिलं: सातशे चाळीस.

शेजारचे दुकानदार मामा चहा पीत दारातच उभे होते. मी तोंड उघडलं असतं तर तासाभरात गल्लीभर झालं असतं की भाऊंना चिरलेलं ताट ओळखू आलं नाही, पोरानं सांगितलं. नाही उघडलं तर सुमनकाकू ते ताट घेऊन जाणार होत्या, आणि त्यांच्या जावयाच्या पानात ते तडकणार होतं. मी एवढंच म्हणालो, "काकू, नाव घालून देतो नं?" आणि ताट उचलून आत यंत्रापाशी नेलं. आतल्या फळीवर त्याच मापाची ताटं होती. हळूच वाजवून एक चांगलं निवडलं, नीट अक्षरांत नाव घातलं, फडक्यात गुंडाळून बाहेर आणलं. सगळं जमलं असं वाटलं. आमच्या दुकानात भांडं दोनदा तोलतात, निवडताना एकदा आणि गिऱ्हाइकाच्या हाती देताना एकदा, हे मी जन्मापासून पाहत होतो. आकड्यांचा एवढा शौक मला, आणि नेमकं तेच विसरलो.

बाबांनी फडकं सोडलं आणि ताट काट्यावर ठेवलं. सातशे पासष्ट.

"हे ते नोहे," बाबा म्हणाले.

मामांचा चहाचा कप ओठांपाशी थांबला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग आत जाऊन ते आधीचं, सातशे चाळीसचं ताट घेऊन आले. पाच बोटांवर तोललं, वाजवलं. मग नवं तोललं, वाजवलं. पुन्हा आधीचं. त्यांना काहीही फरक कळला नव्हता, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग त्यांनी ताटाकडे बघणं सोडलं, आधीचं ताट तिसऱ्यांदा वाजवलं आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. चरचर आली. मी नजर खाली घेतली.

"पोरानं बदलून आनलं, काकू," बाबा म्हणाले. आवाज नेहमीचा. "चांगलं काहाडलं त्यानं. पंचवीस ग्रॅम जास्तीचं. जावई जाडं ताट पाहून खुश होईल."

"मंग तं लय चांगलं झालं," सुमनकाकू म्हणाल्या. "पोरगा हुशार हाय."

"वहीतला हुशार," बाबा म्हणाले, आणि मामा हसले.

काकू गेल्या, मामा गेले. बाबांनी आधीचं ताट मांडीवर घेतलं. "कुठी हाय?" मी जागा दाखवली. त्यांनी अंगठ्याचं नख काठावरून सावकाश फिरवलं, आणि एका जागी ते अडलं. ते तिथंच नख मागे-पुढे करत राहिले. बाहेर दोन्ही हातोड्या चालू होत्या.

"तुले कधीचं समजलं?"

"तीन आठवडे झाले. सीडीमुळे."

"वही आन."

मी वरून वही आणली. बाबांनी चष्मा लावला आणि तक्त्यावरून बोट खाली नेत नेत वाचलं, मालाची यादी तपासावी तसं. बोट सहा ठिकाणी थांबलं. "ह्ये सा म्हणजे मी," ते म्हणाले. "आन् बाकीच्या बारांत?"

"बारांत सगळे सारखे."

"हं." चष्मा काढत म्हणाले, "मले वाटे, आजकालचं कासंच मुकं येऊन राहिलं." हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं की मला त्यांच्याकडे पाहवेना. मागच्या वर्षभरात त्यांनी दोन व्यापाऱ्यांचा माल परत केला होता, नाद कमी म्हणून. ती ताटं चांगली होती की नव्हती, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हतं, आणि त्यांना बहुधा तेच सलत होतं.

जेवायला वर गेलो तेव्हा त्यांनी स्वतःच आईला सांगितलं. आई पोळी तव्यावर टाकत म्हणाली, "मले दोन वर्षांपासून माहीत हाय. मी तुमच्या मागून बोलतच नाई आता. समोर येऊन बोलतो, समजलं नाई काय तुमाले?"

"मंग सांगितलं काहून नाई?"

"तुमी इचारलं काहून नाई?" आईनं पोळी उलटली. "अन् काय सांगायचं? गल्लीतले लोक ताट घेऊन येतात तवा तुमी कसे दिसता, मले माहीत हाय."

धरमपेठेतल्या डॉक्टरांकडे आम्ही गेलो, पण पुढं कधीतरी. कानाचं यंत्रही आलं. बाबा आता शहात्तरचे आहेत, मनीषनगरला माझ्याकडे राहतात, आणि ते यंत्र लग्नकार्यालाच लावतात. एरवी म्हणतात, त्यात कूलरच जास्त ऐकू येतो.

पण मला सांगायचं आहे ते त्या शनिवारनंतरच्या सोमवारचं. मी कॉलेजला निघालो होतो, तर बाबा म्हणाले, "अकरापर्यंत बस." चिठ्ठ्या लिहायच्या जागेवर त्यांनी मला समोरासमोर बसवलं. एक ताट उचललं. "मी ठोकतो, तू आयक." टिचकी मारली. नाद संपल्यावर मी म्हणालो, "चांगलं आहे."

"चांगलं म्हणजे कितीक?"

मला कळलं नाही.

"तुले गाण्याचा आकडा काहाडता येते, याचा येत नाई काय? कितीक वेळ वाजलं?"

मी घड्याळ काढून समोर ठेवलं. त्यांनी पुन्हा वाजवलं. "बारा सेकंद," मी म्हणालो. दुसरं दहा. तिसरं साडेअकरा. चौथं सहा, आणि बाबांनी ते न बोलता भेसळीच्या ढिगात टाकलं. सगळ्या ताटांचे आकडे त्यांनी माझ्याकडून लिहून घेतले, आणि मी विसरलो तरी ते त्यांच्या लक्षात राहत. माझं ‘चांगलं’ त्यांना नको होतं. आकडा दिला की पुढचं त्यांचं ते ठरवू शकत होते. मग त्यांनी खूण ठरवली: नाद चालू असेतोवर पेन वर धरायचं, संपला की खाली ठेवायचं, आणि चरचर आली तर हलवायचं.

साडेदहाला मामा आले, हातात एक ताट. "भाऊ, जरा वाजवून द्या नं." मी लिहीत होतो. बाबांनी ताट पाच बोटांवर तोललं, माझ्याकडे न बघता म्हणाले, "पेन," आणि टिचकी मारली. मी पेन कागदापासून उचलून धरलं. नाद निघाला, गल्लीच्या गोंगाटात बारीक होत गेला, स्वच्छ, शेवटपर्यंत एकही चरचर नसलेला. मामा ताटाकडे बघत होते. बाबा मान कलती करून ऐकत होते, तशीच शांत मुद्रा, नजर माझ्या हातावर. नाद पार संपला, तेव्हा मी पेन खाली ठेवलं.

"चालते," बाबा म्हणाले, आणि ताट परत दिलं.